दोनशे आठ रविवार

"सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण माझं ग्राफिक्स कार्ड चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही!" मास्तरांनी सुनेला छाती फुगवून सांगितलं. संगणकातलं ते कार्ड अवाढव्य संख्यांचे विभाजक शोधायचं, मास्तर निकाल कळवायचे आणि त्यांच्या शब्दावर विसंबून जगभरचे लोक त्या संख्या पुन्हा तपासत नसत.

"मग विभाजक आधीच ठाऊक असलेली एक संख्या देऊन बघू या," सून म्हणाली. मास्तरांनी नाइलाजाने संख्या भरली. आता नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

पंखा घरघरला. पडद्यावर उमटलं: विभाजक नाही.

"आजच बिघडलं गं मेलं! नाहीतर तपासायची वेळच कधी आली नाही."

 

सून पडद्याकडे वाकली. "बाबा, खोटं! इथे लिहिलंय, चार वर्षं दर रविवारी चाचणी, दोनशे आठही वेळा नापास."