कोरं बोट

"काकूंनी सगळ्याच नखांना मेंदी लावलीय?" डॉक्टर ऋतिकाने मंदाकिनीबाईंचा उजवा हात उजेडात धरला.

"नातीचं लग्न होतं," उत्तमराव म्हणाले. अतिदक्षता विभागात उभं राहून लग्नाचं नाव काढलं, याचीच त्यांना लाज वाटली.

नुसती नखं नव्हेत, बोटं पेरापर्यंत रंगली होती. जुन्या पद्धतीच्या टोप्या. हल्लीची वेलबुट्टी मंदाकिनीबाईंना कधीच आवडली नाही.

"मॅडम, मी नेलपॉलिश समजून सकाळी पुसायला गेले," कांता सिस्टर म्हणाली. "जातंय कुठे! आजी नवरीपेक्षा जास्त रंगल्यात."

डॉक्टर हसली नाही. "काका, लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलंय. बीपी उतरलंय, म्हणून सलाइन देतोय. आता प्रश्न असा आहे की अजून द्यायचं की थांबायचं. कमी पडलं तर किडन्या बंद पडतील. जास्त झालं तर पाणी फुफ्फुसात भरेल, मग मशीनवर घ्यावं लागेल."

"ते कळतं कसं?"

"एका गोष्टीवरून नाही कळत. बीपी, लघवी, सोनोग्राफी, सगळं बघतो. काकूंची आज प्रत्येक गोष्ट वेगळंच सांगतेय. म्हणून नख दाबून बघायचं होतं. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की रंग परत येतो. तो लवकर आला तर समजायचं, रक्त टोकापर्यंत पोचतंय. पण इथे आधीच सगळं लाल."

मंदाकिनीबाईंचे ओठ सुकून पांढरे झाले होते. उत्तमराव त्या ओठांकडे बघत राहिले.

त्यांचं नवं लग्न झालं तेव्हा वर्तकनगरात बंगल्यांना मेंदीची कुंपणं असायची. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला तिने पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला आणि दोन्ही हात भरून स्वयंपाकघरात बसून राहिली. तहान लागली तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं, मग तांब्या तिच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. पाणी हनुवटीवरून नव्या पातळावर सांडलं.

"अहो, पुरे तरी म्हणायचं!"

"ते तू म्हणायचंस."

"तोंडात पाणी असताना?"

आणि मग ती इतकी हसली होती की शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय झालं म्हणून.

"गुडघ्यावर दाबून बघू," डॉक्टर कांताला सांगत होती. "पण काकूंच्या गुडघ्यांवर डाग आहेत, नीट समजणार नाही."

उत्तमरावांना एक गोष्ट सांगायची होती. ती मघापासून त्यांच्या तोंडाशी येत होती आणि परत जात होती. नसेलच तसं. मागाहून तिने तेही रंगवलं असेल. या शिकलेल्या मुलीचा वेळ आपण कशाला खायचा?

डॉक्टर वळली. तेव्हा ते म्हणाले, "डाव्या हाताचं एक बोट... बहुतेक कोरं असेल."

"बहुतेक?"

"अंगठ्याशेजारचं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. औषधाचे थेंब ती घालते. त्या बोटाने पापणी खाली ओढून धरते. मेंदी ओली असताना थेंबांची वेळ होणार, म्हणून तिने तेवढं बोट ठेवलं. नात म्हणाली, आजी, हे राहिलं. तर म्हणाली, राहू दे, ते ह्यांचं आहे." एवढं सलग ते परक्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते. त्यांचे कान तापले.

डावा हात सुईसाठी फळीला बांधलेला होता. पट्टीतून रंगलेली टोकं डोकावत होती, पण ते एक बोट आत दडलं होतं. कांताने पट्टी सैल केली.

बोट कोरं होतं.

डॉक्टरने नख दाबून धरलं आणि सोडलं. नख पांढरंच राहिलं. तिघंही त्या एवढ्याशा पांढऱ्या जागेकडे बघत होते. कितीतरी वेळाने तिथे फिकट गुलाबी छटा आली.

"उशीर होतोय," डॉक्टर म्हणाली. "फुफ्फुसं अजून साफ आहेत. कांता, थोडं अजून देऊ. थोडंच. मग परत बघू."

भेटीची वेळ संपली. वॉचमन दारातून खुणा करायला लागला.

"आजोबांना बसू दे रे," कांता म्हणाली. "बोट त्यांचं आहे."

उत्तमराव स्टुलाच्या कडेवर बसले. सलाइन थेंबाथेंबाने उतरत होतं. मध्ये एकदा मंदाकिनीबाईंनी मान हलवली, डोळे काही उघडले नाहीत.

डॉक्टर परत आली. छातीला मागून-पुढून नळी लावून ऐकलं, पिशवीतली लघवी बघितली, मग बोट हातात घेतलं. दाबलं. सोडलं.

"आला," ती म्हणाली. "मघापेक्षा खूप लवकर आला. धोका टळला असं नाही म्हणत मी, काका. पण आता सलाइन देताना हात आखडता घेऊ."

"मी बघितलंच नाही," उत्तमराव म्हणाले. ते सारा वेळ डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"मग तुम्ही करा ना. दाबायचं, सोडायचं आणि बघायचं."

उत्तमरावांनी ते बोट हातात घेतलं. नख गुलाबी होतं. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. आलेला रंग, क्षणभरासाठी का होईना, घालवायला त्यांचा हात धजेना.