लाल टॉवेल

विब्केला जाग आली तेव्हा सगळा किनारा तिच्याकडे तोंड करून उभा होता.

ती तळ्यातल्या तराफ्यावर उताणी झोपली होती. मान वळवल्यावर आधी दिसला तो खांबावर चढवलेला लाल टॉवेल. त्याच्याखाली तळ्यावरची झाडून सारी माणसं उघड्या अंगानं, दाटीवाटीनं उभी. सगळ्यांच्या पुढे तळ्याची व्यवस्था बघणारी रोस्विता. तिच्या हातात फोन, आणि फोनचा डोळा पाण्याकडे.

कपड्यांशिवाय पोहायच्या या तळ्यावर लाल टॉवेल म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कपड्यांबरोबर फोनही फाटकाजवळच्या खोलीत ठेवायचे. कुणाला फोटो हवाच असेल तर रोस्विताला सांगायचं. ती टॉवेल वर चढवते, आणि ज्यांना फोटोत यायचं नाही ते उठून फोनच्या मागे जाऊन उभे राहतात. आता सगळे मागे होते. पुढे गुडघाभर पाण्यात एकहार्ट आजोबा आणि ट्राउडल आजी फोनकडे तोंड करून, तिला पाठमोरी उभी होती. आज त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आणि त्यांच्या मागे, बरोबर मधोमध, तराफ्यावर ती.

विब्के पलीकडच्या बाजूनं पाण्यात सरकली. वरचं हातभर पाणी कोमट होतं, त्याखालचं एकदम गार. तराफ्याची कड धरून ती हनुवटीपर्यंत बुडून राहिली. किती काढले असतील? माणसं एकावर कधीच थांबत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्राच्या वाळूवर कुणा अनोळखी माणसानं तिचा असाच एक फोटो काढला होता. सुट्टी संपली तेव्हा तो ती शिकवायची त्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर पोहोचला होता. तोंडानं कुणीच काही बोललं नाही. पण त्यानंतर वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिणं तिला जमेना. तिनं शाळा बदलली, गाव बदललं. नव्या शाळेत सोमवारी रुजू व्हायचं होतं.

दोन्ही अंगांना लव्हाळी आणि खाली चिखल. बाहेर यायला वाट एकच, धक्क्याची शिडी, तीही रोस्विताच्या शेजारी. विब्के फक्त डोकं वर ठेवून पोहत निघाली. ती जवळ येताना पाहून योखेन गर्दीतून बाहेर पडला. शिडीच्या तोंडाशी त्यानं एक मोठा टॉवेल पडद्यासारखा ताणून धरला आणि स्वतःची मान दुसरीकडे वळवली. सकाळी हाच योखेन अंगावर चिंधी नसताना तिच्या समोर बसून बटाट्याचं सॅलड खात होता.

"ये बाई वर," तो म्हणाला. "पाठी भाजून निघाल्या आमच्या."

ती शिडीला धरून तशीच पाण्यात राहिली. "किती काढले?"

"काय किती?"

"फोटो, योखेन."

"एकही नाही. काढणार कसा? तू मध्ये होतीस ना."

तिनं शिडीच्या दांड्यावर कपाळ टेकवलं. योखेन झाडांकडे बघतच बाकीचं सांगत राहिला. हाका मारून झाल्या होत्या, पण वारा तराफ्याकडून येत होता, आवाज काही पोहोचेना. आजोबांना मागे तराफाच हवा होता, कारण लग्नाच्या वर्षी त्यांनीच तो ठोकला होता. कुणीतरी म्हणालं, पोहत जाऊन तिला हलवू या. तर आजी म्हणाल्या, झोपू द्या मास्तरणीला, एकदा शाळा उघडली की कोण झोपू देतंय. मग सगळे उभेच राहिले. शेगडीवरचे सॉसेज केव्हाच करपले होते. त्यांचा वास इथवर येत होता.

विब्के टॉवेल गुंडाळून वर आली आणि सगळ्यांची माफी मागू लागली.

"माफी कसली?" ट्राउडल आजी पाण्यातून म्हणाल्या. "पन्नास वर्षांत ह्यानं इतका वेळ माझा हात धरला नव्हता. अजून थोडी झोपली असतीस तरी चाललं असतं."

"हाताचं सोड," आजोबा म्हणाले. "पोट आत धरलंय, त्याचं बघा कुणीतरी."

रोस्वितानं दंड झटकला. मुंग्या आल्या होत्या. तिनं फोन विब्केच्या पुढे केला आणि म्हणाली, सगळ्यात शेवटी आलीस, आता तूच काढ.

गेल्या उन्हाळ्यापासून विब्केनं कुणावरही फोन रोखला नव्हता. तिनं बोटं टॉवेलला कोरडी केली. गर्दीनं सरकून जागा दिली, आणि कुणाचा तरी ऊन लागून तापलेला खांदा तिच्या खांद्याला लागला. ती आता फोनच्या मागे होती. तिनं फोनच्या पडद्यावर पाहिलं. दोघं म्हातारी, त्यांच्या मागे तराफा, त्याच्या मागे पलीकडच्या पाइनच्या झाडांपर्यंत पाणी. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिनं दोनदा नजर फिरवली. कुणी नव्हतं. तिनं बोट बटणाकडे नेलं.

तेवढ्यात उजव्या कडेनं एक बदक आत आलं.

"त्याला विचारलंय का कुणी?" योखेन मागून म्हणाला.

हशा पिकला. आजोबांनी आत धरलेलं पोट सुटलं.

"थांबा," विब्के म्हणाली. वर्गात म्हणायची तसं, आवाज न चढवता.

आणि बदक आपल्या चालीनं चौकट ओलांडून लव्हाळ्यांत शिरेपर्यंत सगळा किनारा थांबला.