आशीर्वादाची मुलं

"लग्न नामंजूर," नोंदणी कार्यालयातलं वंशयंत्र गोड आवाजात म्हणालं. "दोघांचे खापरपणजोबा एकच. रक्ताच्या नात्यात लग्न नाही."

वैदर्भीच्या हातातला हार तसाच राहिला. तिच्या वडिलांची चुलत-चुलत बहीण कमळाआत्या पदर खोचून पुढे झाली. "पुरावा?"

"खापरपणजोबांची पत्रं. त्यांत वराचे पणजोबा 'चिरंजीव भार्गव' आहेत. एकूण मुलं एकेचाळीस."

"एकेचाळीस! मग म्हातारा पत्रं कधी लिहायचा? अरे, शेजाऱ्याच्या पोरालाही चिरंजीवच लिहितात. आशीर्वाद असतो तो!"

यंत्र गुणगुणलं. "मान्य केलंत, तर ज्यांना 'चिरंजीव' एवढाच आधार आहे, ती सगळी नावं वंशातून गळतील."

पडद्यावर नावं सरकली. भार्गव होता. त्याच्याखाली आत्याचे आजोबा होते.

जन्मभर याच घराण्याचा तोरा मिरवला होता तिने. तिने वैदर्भीकडे पाहिलं.

"मान्य."

हिरवा दिवा लागला. लग्न मंजूर. खाली ओळ उमटली: कमळाबाई, वधूच्या कोणी नाहीत.

वैदर्भी तिच्या गळ्यात पडली. "आत्या, माझ्या बाळाचं नाव तूच ठेवायचंस."

"ठेवीन की! आणि पत्रात त्याला चिरंजीव लिहीन," आत्या डोळे पुसत म्हणाली. "पुढचं यंत्र त्याला माझाच धरेल."