काचेच्या पेटीतली ज्योत

भोगलेबाईंनी काचेच्या पेटीत मेणबत्ती पेटवली आणि सातवीचा अख्खा वर्ग डोळे विस्फारून बघत राहिला. या पोरांनी ज्योत कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या जन्माआधीच्या मोठ्या आगीनंतर शहराच्या हवेत शामक वायू सोडला जाई. ज्योतीत जन्मणारे मूलक, म्हणजे अतिचंचल कण, इंधनाला आणि प्राणवायूला भिडून आग पुढे नेतात. हा वायू त्यांना आधीच पकडून शांत करी. शहरात साधी काडी पेटत नसे. पेटीतली हवा बाईंनी घाटाखालून भरून आणली होती.

"किती मऊ दिसतेय!" म्हणत इरावतीने झाकण उघडलं आणि ज्योत चिमटीत धरली. बाहेरची हवा आत शिरून ज्योत विझली, पण तोवर बोटं भाजली होती.

मुख्याध्यापक संतापले. "बाई, जी आग उरलीच नाही, तिची भीती कशाला शिकवता?"

"वायू बंद पडला तर, सर?" इरावतीचा हात नळाखाली धरून बाई म्हणाल्या. "मी उद्या पुन्हा पेटवणार. झाकणाला कुलूप लावून."

पावसाळ्यात वायूच्या केंद्रात पाणी शिरलं आणि ते बंद पडलं. त्याच दुपारी शाळेच्या मीटरपाशी ठिणगी उडून सभागृहाचा पडदा पेटला. ती नाचरी, सोनेरी गंमत बघायला बाकी सगळ्या वर्गांतली पोरं तिकडेच धावली.

दारात सातवीची पोरं हात धरून आडवी उभी होती. मधोमध इरावती, बोटांवरचे डाग सगळ्यांना दिसतील असा पंजा उंच धरून ओरडत होती, "मऊ नाहीये ती! मागे फिरा!"