बोटं उमटतील

अमेरिकेतल्या डुलूथमध्ये हिवाळा लागला की बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडतं, आणि ते मीठ गाड्यांचा रंग खातं. म्हणून नेल्सने आठवडाभर दुकानदाराचं डोकं खाऊन, पार वसंतापर्यंत टिकेल असं मेण आणलं. गॅरेजमध्ये गाडीला त्याचे दोन हात दिले आणि ती दिमाखात दारात आणून उभी केली. अंगणातल्या बर्फावर मात्र मीठ टाकू दिलं नाही. उडून गाडीवर बसेल म्हणे.

"आणि आई, गाडीला बोटसुद्धा लावायचं नाही हं!"

"नाही लावत बाबा," म्हातारी आल्मा हसली. "तुझ्या बापाने मलासुद्धा कधी एवढं जपलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चला निघालेली आल्मा गाडीच्या अगदी शेजारीच बर्फावर घसरून पडली. नेल्स धावला. तिचं मनगट भराभर सुजत होतं. घाबरून तो तिच्यावरच खेकसला, "अगं, गाडी हाताशी होती की! धरायचं नाही का तिला?"

आल्मा ओशाळली.



"धरणारच होते रे. पण म्हटलं, बोटं उमटतील."