दोष आढळला नाही

तपासणीला आलेल्या बाईंनी लोडर तिसऱ्यांदा खडीच्या ढिगापर्यंत नेला, बकेट भरून वर घेतली, खाली आणली आणि मशीन परत जागेवर उभं केलं. काहीही झालं नाही. मशीन अगदी शहाण्या मुलासारखं वागलं. खाली उभ्या असलेल्या मामांचा चेहरा उतरला. आपलंच मशीन बिघडावं म्हणून मनातल्या मनात हात जोडणारा ऑपरेटर त्या वेळी जगात बहुधा एकटाच असेल.

मामा हे साइटवरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. अकरा वर्षं हाच लोडर चालवत आले होते. गेले तीन आठवडे तो अधूनमधून चालता चालता दगा द्यायचा. पडदा कोरा, जॉयस्टिक मेलेली, भरलेली बकेट हवेत लटकलेली. चावी काढून पुन्हा फिरवली की जणू काही घडलंच नाही. त्यातही गंमत अशी, की हे फक्त मामा बसले की व्हायचं. दुसऱ्या पाळीचा किडकिडीत ऑपरेटर तेच मशीन आठ-आठ तास चालवायचा, त्याला एकदाही त्रास झाला नव्हता.

फोरमननं यातून काढायचा तो अर्थ काढला होता. मागच्या आठवड्यात याच बाईंनी येऊन कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं होतं. आज पुन्हा तेच निघालं तर उद्यापासून मामांनी रोलरवर जायचं, असं ठरलं होतं. रोलरचं मामांना वावडं नव्हतं. पण लोक आपल्याला कामचुकार समजतात हे त्यांना फार लागलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, आताशा त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपलाच हात कुठेतरी चुकत असेल.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि दाराजवळच्या सॉकेटला मीटरचे दोन चिमटे लावले. काम करता करता त्यांनी मामांना समजावून सांगितलं. इंजिन, गिअर, जॉयस्टिक, पडदा, या सगळ्यांचं आपसातलं बोलणं दोनच बारीक वायरींवरून चालतं. त्या दोघी कुठेही एकमेकींना चिकटल्या, की सगळे एकदम मुके होतात. मीटरवर साठ आकडा दिसला म्हणजे वायरी ठणठणीत. त्यांनी हाताला लागेल तो जोड हलवून पाहिला, ओढून पाहिला. साठ म्हणजे साठ. आकडा जागचा हलेना.

"काका, मला काही सापडत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "तेच लिहावं लागेल."

मामांनी मान हलवली. वाद घालायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. आपली डब्याची पिशवी घ्यायला ते केबिनमध्ये चढले आणि सीटवर धपकन बसले. एकशे बारा किलोचा देह. सीट फुस्स करून पार खाली गेली.

बाईंचा हात हवेतच थांबला. मीटरवर शून्य होतं.

"उठा जरा," त्या म्हणाल्या.

मामा उठले. साठ. बसा म्हटल्यावर बसले. शून्य. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मामांना शाळेतल्या उठाबशा आठवल्या. फरक इतकाच, की तेव्हा प्रत्येक बैठक शिक्षेची होती आणि आता प्रत्येक बैठकीला त्यांची निर्दोष सुटका होत होती. धाप लागली तरी ते थांबायला तयार नव्हते.

बाईंनी फोरमनला हाक मारून वर बोलावलं आणि सीटवर बसायला लावलं. साठ. मग त्या स्वतः बसल्या. जेमतेम पंचेचाळीस किलोच्या बाई, सीटला त्यांची दखलही नव्हती. शेवटी मामा बसले आणि फोरमननं शून्य आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सीट काढली तेव्हा खाली सगळं उघड झालं. मामा धपकन बसले किंवा चालताना खड्ड्यात आदळले, की सीट तळाला टेकायची आणि तिची लोखंडी पट्टी नेमकी त्या दोन वायरींवर दाबली जायची. वायरींची सालं निघाली होती आणि आतलं तांबं चकाकत होतं.

"मामा, वजन कमी करा आता," फोरमन हसत म्हणाला.

"केलं असतं, तर सापडलं नसतं," मामा म्हणाले.

बाई हसल्या. फोरमनही हसला, पण मामांच्या नजरेला नजर न देता.

बाईंनी तो तुकडा कापून नव्या वायरी जोडल्या, वरून नळी चढवली आणि सगळं पट्टीपासून हातभर लांब बांधून टाकलं. सीट जागेवर बसवली, मीटर पुन्हा लावला. बाहेर एव्हाना पाच डंपर रांगेत उभे होते. मामा सीटच्या कडेवर अंग चोरून टेकले. मीटरवर साठ.

"पाहुण्यासारखं नको, काका," बाई म्हणाल्या. "रोजच्यासारखं बसा."

मामांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि अंग सैल सोडलं. सीट फुस्स करत तळाला गेली. साठ. आकडा तसूभर हलला नाही. बाई चिमटे काढायला पुढे वाकल्या.

"राहू द्या, ताई," मामा म्हणाले. "अजून एकदा बसतो."

मागच्या डंपरनं हॉर्न वाजवला. फोरमननं त्याच्याकडे वळून हात वर केला आणि गप्प राहायची खूण केली.