रानकोंबड्यासाठी

"पोलीस ठाण्यातनं परत आणली तर ही दशा," असं म्हणत हंबीररावांनी बंदूक सिकंदरच्या मेजावर आडवी ठेवली. "इलेक्शनला जमा केलती. सगळा पावसाळा तिथंच काढला तिनं."

सिकंदरनं दुनळी मधोमध मोडून उघडली आणि दोन्ही नळ्या उजेडाकडं धरल्या. आत गंजाचे बारीक ठिपके होते. बाहेरून मात्र तिचा तोरा तसाच होता. अक्रोडाचा दस्ता, वर दोन घोडे. हंबीररावांच्या आज्यानं घेतलेली ही बंदूक सिकंदरच्या वडलांनीही याच मेजावर दोनदा साफ केली होती.

"आबा, आता हिचं काय काम? शोभेला ठेवा की."

"एकदा चालाय पायजे. एकदाच." हंबीररावांनी खोकला आवरला. "दोन्ही न्हाय तर न्हाय, उजवी नळी तरी नीट कर."

आतून सिकंदरची बायको बिबीजान चहा घेऊन आली. हंबीररावांनी तिची, लेकीची, नातवंडांची चौकशी केली. दोन घोट घेऊन कप तसाच ठेवला आणि समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून ते उठले.

ते रस्ता ओलांडेपर्यंत सोबत आलेला त्यांचा नातू सम्राट थांबला. मग तो पुढं सरकला. आजऱ्याजवळ काजूच्या बागेत त्यानं नुकतंच रिसॉर्ट काढलं होतं.

"चाचा, जरा झकास करा बरं का. रविवारी पुण्याचं पावणं येणार हायती. त्यास्नी रानकोंबड्याचा रस्सा पायजे. आबांचा नेम अजून हाय की."

"आबा व्हय म्हणाल्यात?"

"म्हणतील. बंदूक नीट करायचं त्यांनीच काढलं न्हवं?"

सिकंदरनं दुनळी फडक्यात गुंडाळली.

वयात आला तेव्हापासून तो हंबीररावांबरोबर आजऱ्याच्या रानात जायचा. त्यांचे नियम ठरलेले. मादीवर बार टाकायचा नाही. अंड्यांच्या दिवसांत बंदूक खुंटीवरून काढायचीच नाही. बसलेल्या पाखरावर तर नाहीच नाही. एकदा छर्रे लागलेला कोंबडा फडफडत करवंदीच्या जाळीत शिरला. उन्हं उतरेपर्यंत हंबीरराव त्या काट्यांत शोधत राहिले. हात रक्तानं माखले. कोंबडा सापडला, तेव्हा त्याला शांत करून ते म्हणाले होते, "सिकंदर, तडफडत ठेवून घरला जायाचं न्हाय. जेवण गोड लागत न्हाय मग."

शिकारबंदीचा कायदा आला आणि त्याच दिवशी त्यांनी काडतुसांचा पट्टा रिकामा केला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. पिकाच्या राखणीचं लायसन तेवढं चालू ठेवलं, पण रानडुकरावरसुद्धा कधी बार काढला नाही.

आणि हा माणूस आता नातवाच्या हट्टापायी पाहुण्यांच्या ताटासाठी रानात जाणार?

नाही म्हणावं, तर सम्राट दुसरीकडं जाईल. सिकंदरनं चार दिवस लावून नळ्या लख्ख केल्या, घोड्यांना तेल दिलं. पाचव्या दिवशी त्यानं काडतुसावर आदळणाऱ्या दोन्ही पिना बाहेर काढल्या आणि त्यांची टोकं कानशीनं घासली. अगदी केसभर. घोडा पडेल, आवाजही खणखणीत येईल, पण पीन काडतुसापर्यंत पोचायची नाही.

बिबीजान दारात उभी होती. तिला या कामातलं कळत होतं.

"लोकांच्या हत्यारात खोट ठेवताय? अब्बा असते तर?"

"जीव वाचतोय एक."

"कुणाचा?"

"कोंबड्याचा."

ती आत गेली. सिकंदरनं पिना परत बसवल्या.

शनिवारी हंबीरराव स्वतः बंदूक न्यायला आले. त्यांनी ती उघडली, मिटली, रिकामा घोडा पाडून डोळे मिटून आवाज ऐकला.

"तुझ्या बापाचा हात उतरलाय तुझ्यात."

सिकंदरला वर बघवेना. हंबीररावांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी भर उन्हात हंबीरराव एकटेच दारात उभे राहिले. खांद्यावर बंदुकीची पिशवी आणि एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती मफलर. ते हळूच खुर्चीवर टेकले.

"चालली न्हाय," ते म्हणाले.

सिकंदरनं कानस खाली ठेवली. "पावण्यांचं काय झालं मग?"

"गावठी कोंबडं खाऊन गेली. सम्राटला बजावलं, रानात पाय टाकलास तर तंगडं मोडून ठेवीन."

सिकंदर त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्यानं राहवेना. तो उठून त्यांच्या पायाशी बसला.

"आबा, माफी द्या. पिना मीच घासल्या. तुमच्या हातनं आता या वयात पाप होऊ नये, एवढंच मनात होतं. तो कोंबडा वाचावा म्हणून केलं."

"कुठला कोंबडा?"

बिबीजान पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

हंबीररावांनी सावकाश मफलर सोडला आणि मान वर केली. हनुवटीच्या खाली, सुरकुतल्या कातड्यावर दोन काळीनिळी वर्तुळं उमटली होती. एकमेकांना चिकटून, दुनळीच्या तोंडाएवढी.